क्लबात नुसती जेवणं आणि फोटोच असतात का? रोटरीत यायचं म्हणणाऱ्या एका ताईंना उत्तर

एका ताईंनी विचारलंय, त्या मूळच्या नागपूरच्या, बँकेत ऑफिसर आहेत आणि बदलीवर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आल्यात. तिथल्या एका खातेदाराने त्यांना रोटरी क्लबात यायचं आमंत्रण दिलंय. त्यांचे प्रश्न थोडक्यात असे, की तिथे खरंच काही काम होतं का नुसती जेवणं, हार-तुरे आणि पेपरात फोटो, वेळ आणि पैसा किती जातो, एकट्या बाईला तिथे अवघडल्यासारखं होईल का, आणि दोन-तीन वर्षांत परत बदली होणार असेल तर जॉईन होण्यात अर्थ आहे का.

माझं मेडिकलचं दुकान आहे, गाव असंच तालुक्याचं. क्लबात मी सेक्रेटरी, प्रेसिडेंट, नंतर असिस्टंट गव्हर्नर (म्हणजे आजूबाजूच्या काही क्लबांवर लक्ष ठेवणारी) अशा सगळ्या कामांतून गेलेय, त्यामुळे आमच्या क्लबबरोबर आजूबाजूचे बरेच क्लब आतून बघायला मिळाले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे "जेवणं का काम" असा प्रश्नच मला पटत नाही. आपल्याकडे समाजकार्य म्हटलं की गंभीर चेहरा आणि साधं राहणं, आणि चार लोक हॉटेलात एकत्र जेवले की ते टाईमपास करतायत, असं डोक्यात बसलंय. पण मी इतक्या वर्षांत जे बघितलं त्यात ज्या क्लबातली माणसं एकमेकांच्या घरी जातात, एकमेकांच्या आजारपणात डबा पोचवतात, त्याच क्लबाचे लोक रविवारी सकाळी सहाला कॅम्पच्या सतरंज्या घालायला हजर असतात. आणि जिथे फक्त प्रोजेक्ट, रिपोर्ट, अवॉर्ड एवढंच चालतं तिथे पहिलं वर्ष धडाक्यात जातं, दुसऱ्या वर्षी अर्धे लोक फोन उचलत नाहीत. स्वयंसेवकाला पगार नसतो, मेमो नसतो, तो येतो कारण "अरे तू नाही आलास तर मी एकटा पडतो" असं म्हणणारं कोणीतरी तिथे असतं. फेलोशिप फेलोशिप म्हणतात ती हीच, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो, गप्पा लागतात, आणि हो, जेवणही लागतं.

रोटरीची सुरुवातही अशीच झालीय. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन ओळखीच्यांना जमवलं, एक कोळशाचा व्यापारी, एक मायनिंग इंजिनिअर, एक शिंपी. मोठ्या शहरात आलेला एकटा माणूस, त्याला गावाकडच्यासारखी दोस्ती हवी होती, बस. आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भेटायचे म्हणून रोटरी हे नाव पडलं. आणि १९०७ मध्ये त्यांनी पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं ते काय, तर शिकागोत सार्वजनिक संडास असावेत म्हणून पाठपुरावा. म्हणजे मैत्री आधी, मग त्या मैत्रीतून काम, आणि काम पण कसलं तर ज्यात कोणाचा छान फोटो येणार नाही असं. मला हे फार आवडतं, नवीन मेंबरला मी हे आवर्जून सांगते.

आता उलटी बाजू. असे क्लब आहेत जिथे नुसती जेवणंच राहिलीत. तिथे जुलैत पदग्रहण समारंभ जोरात होतो (रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं), नवीन प्रेसिडेंटच्या गळ्यात कॉलर (पदाचा पट्टा) पडते, वर्षभराच्या घोषणा होतात, मग दिवाळी फराळ, कोजागिरी, हिवाळ्यात एक सहल, मध्ये रोटरीच्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे बऱ्याच क्लबांच्या विभागाच्या) गव्हर्नरांची व्हिजिट असते तेव्हा घाईघाईने एका शाळेत वह्यावाटप, की झालं वर्ष. ती माणसं वाईट नसतात, कामाची सवय तुटलेली असते. तेव्हा तुम्ही ओळखायचं कसं?

मी सांगते तो एकच उपाय आहे. तुम्हाला कोणी गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टचं कौतुक सांगितलं ना, की विचारा, "आता तिथे काय चालू आहे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. वॉटर फिल्टर दिला म्हणाले, तर त्याची कँडल कोण बदलतं? शाळेला टॉयलेट ब्लॉक बांधून दिला, तर पाण्याची टाकी भरते का आणि रोज धुतं कोण? मी कितीतरी शाळांतले नवेकोरे टॉयलेट कुलूप लावलेले बघितलेत, कारण पाण्याचं कनेक्शनच नाही किंवा सफाईच्या माणसाचे पैसे कोण देणार ते ठरलेलं नाही. आणि डायलिसिस मशिनचं तर विचारूच नका. एका पेशंटच्या चार तासाच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, म्हणजे आरओ प्लांट हवा, ट्रेंड टेक्निशियन हवा, दर वेळचं सामान हवं, जनरेटर हवा. मशिन दान देणं हा त्यातला सोपा भाग आहे. एका ठिकाणी मशिन आलं, फीत कापली आणि टेक्निशियन नाही म्हणून ते कित्येक महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पडून होतं, पेशंट मात्र आठवड्यातून दोनदा एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी जात होते. चांगला क्लब "आता काय चालू आहे" याला लगेच उत्तर देतो, किंवा प्रामाणिकपणे सांगतो की ते बंद पडलं आणि का पडलं. तेही चालेल. विषय बदलला तर समजून घ्या.

आता काम जवळून कसं दिसतं ते सांगते, म्हणजे तुमच्या वाट्याला काय येईल याचा अंदाज येईल. मोतीबिंदूचा कॅम्प घ्या. लोकांना वाटतं डॉक्टर आले, तपासलं, ऑपरेशन झालं. तर कॅम्पच्या जागी फक्त तपासणी होते, ऑपरेशन मोठ्या आय हॉस्पिटलच्या थिएटरमध्ये. मधलं सगळं क्लबाचं. आधी आशाताईंना भेटून वाड्या-वस्त्यांवर निरोप, मग तपासणीच्या दिवशी रजिस्टर, बीपी, शुगर. ज्यांची शुगर वाढलेली निघते त्यांचं ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि खरी मेख इथे आहे, त्या माणसाला वाटतं आपल्याला परत पाठवलं, तो नंतर येतच नाही. म्हणून आमच्याकडे त्यांची वेगळी वही असते, एक मेंबर त्यांच्या मागे लागून शुगर कंट्रोलमध्ये आणून पुढच्या बॅचला घालते. मग ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बस. नाव दिलेल्यातले काही येतच नाहीत. एक आजी यायच्या नव्हत्या, मुलगा म्हणाला घाबरली, डोळ्याला सुरी लावतात म्हणून. आमच्यातली एक शिक्षिका मेंबर घरी गेली, आजींशी बोलली, तेव्हा कळलं भीती-बिती काही नाही, म्हशीची धार कोण काढणार हा प्रश्न होता, सुनेला म्हैस हात लावू देत नव्हती. शेजारणीला सांगून दोन दिवसांची सोय लावली, आजी बसमध्ये. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात, काळा चष्मा, मग चार-सहा आठवडे डोळ्यात थेंब, डोक्यावरून अंघोळ नाही, चुलीपुढे बसायचं नाही. आणि इथून पुढे फोन. "थेंब घातले का?" एवढाच फोन, पण तो दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी करावा लागतो. हे काम बँकेतली नोकरी सांभाळून सहज होतं, आणि क्लबात याची माणसं सगळ्यात कमी असतात. स्टेजवर बसायला मिळतात, फोन करायला मिळत नाहीत.

रक्तदानाचंही थोडं सांगते कारण जवळपास प्रत्येक क्लब ते करतो आणि बरेच जण चुकीच्या दिवशी करतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, कोणाचा वाढदिवस, सगळे कॅम्प एकाच सुमाराला. पण प्लेटलेट टिकतात पाच दिवस, आणि लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस. म्हणजे एकदम ढीगभर रक्त गोळा केलं तर त्यातलं काही वाया जाणार, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा थॅलेसेमियाच्या पोरांना, ज्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, त्यांच्या आईबापांनी फोन फिरवत बसायचं. म्हणून कॅम्पची तारीख प्रेसिडेंटने ठरवू नये, ब्लड बँकेला विचारावं तुम्हाला कधी हवंय. आम्ही मोठ्या कॅम्पऐवजी छोटे छोटे ठेवायला लागलो, त्यातला एक भर उन्हाळ्यात, गर्दी कमी होते, फोटोही बारका येतो, पण ब्लड बँकेचे लोक त्याचीच वाट बघतात.

त्यातूनच आणखी एक गोष्ट निघाली. रक्त द्यायला हिमोग्लोबिन कमीत कमी साडेबारा लागतं. कॉलेजात कॅम्प लावला की मुली उत्साहाने रांगेत येतात आणि एकामागून एक परत जातात, कोणी दहा, कोणी नऊ. पहिल्यांदा सगळे म्हणायचे, अरेरे, डोनर कमी झाले. मग आमच्यातल्या एका डॉक्टर मेंबरने विचारलं की ह्या परत गेलेल्या मुलींचं काय? तिथून हिमोग्लोबिन तपासणी, लोहाच्या गोळ्या, गोळी आणि चहा एकत्र घेऊ नका, लिंबू पिळून खा हे समजावणं, आणि तीन महिन्यांनी परत तपासणी असं सुरू झालं. आता ते आमचं सगळ्यात टिकलेलं काम आहे. आणि ते सुचलं कुठे, तर बोर्ड मीटिंगमध्ये नाही, कॅम्प आवरल्यावर वडापाव खाताना! म्हणून म्हणते की बरोबर बसून खाणं महत्त्वाचं आहे.

मैत्रीचा खरा उपयोग संकटात कळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा आजूबाजूच्या क्लबांनी काही तासांत हालचाल केली ती काही कुठल्या आपत्ती-आराखड्यामुळे नाही. कोणाकडे टेम्पो आहे, कोणाचं गोडाऊन रिकामं आहे, कोणाचा मेहुणा मिरजेला आहे, कोण रात्री दोनला फोन उचलतो हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून. आणि काय नको तेही पलीकडच्या क्लबातला मित्र स्पष्ट सांगू शकला. "जुने कपडे पाठवू नका, ढीग पडलेत, ब्लिचिंग पावडर, झाडू, खराटे आणि जनावरांना चारा पाठवा." अनोळखी माणसाला देणगीदारापुढे हे बोलता येत नाही, मित्राला येतं. आम्ही आमच्याकडून औषधं काढली, कुठली काढायची ते तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

आणि लहान गावातल्या मीटिंगमधून किती मोठं काम उभं राहू शकतं याचं उदाहरण पोलिओचं आहे. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालवायचं ठरवलं. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, तेव्हा गावोगावचे रोटेरियन पिवळे टीशर्ट-टोप्या घालून बूथवर, एसटी स्टँडवर, वीटभट्ट्यांवर, ऊसतोड कामगारांच्या पालांवर जायचे. डोस देणारे सरकारी आरोग्य कर्मचारीच, खरं श्रेय त्यांचंच, पण बूथवर चहा-नाश्ता पोचवणं, रिक्षा फिरवणं, नको म्हणणाऱ्या घरी ओळखीच्या माणसाला घेऊन जाणं, पोराच्या करंगळीवर शाईची खूण आहे का बघणं, ही कामं क्लबांनी वर्षानुवर्षं केली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधला, आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया पोलिओमुक्त जाहीर केला. त्या संध्याकाळी आमच्या मीटिंगला जुने मेंबर अक्षरशः रडले. वीस वर्षं रविवार दिलेले लोक होते ते.

आता बाईमाणसाचा प्रश्न, हा मला जिव्हाळ्याचा आहे. रोटरीत बायकांना मेंबरच होता येत नव्हतं १९८९ पर्यंत. कॅलिफोर्नियात दुआर्ते नावाच्या छोट्या गावातल्या क्लबने बायकांना घेतलं म्हणून त्यांची मान्यता काढून घेतली, ते कोर्टात गेले, आणि ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने क्लबाच्या बाजूने निकाल दिला, मग दोन वर्षांनी नियमच बदलला. आपल्याकडे तोपर्यंत, आणि खरं तर नंतरही बरीच वर्षं, मेंबर नवरा आणि बायको म्हणजे "ॲन", पोरं म्हणजे "ॲनेट". स्वागताला औक्षण करायचं, मेनू ठरवायचा, तिळगुळाचा कार्यक्रम घ्यायचा. बायकांचा स्वतःचा वेगळा क्लब, इनरव्हील, होता, आहे, आणि इनरव्हीलच्या बायका फार ठोस काम करतात, त्याला कमी लेखू नका. पण तुम्हाला रोटरीत बोलावलंय तर मेंबर म्हणून जा, कोणाची ॲन म्हणून नाही. गेल्या गेल्या तुम्हाला सूत्रसंचालन किंवा रांगोळी दिली जाईल, हे जवळपास ठरलेलं. तुम्हाला आवडत असेल तर करा. नसेल तर पहिल्याच वेळी शांतपणे सांगा, "मला ट्रेझररच्या हाताखाली द्या." तुम्ही बँकेतल्या आहात, क्लबाला हिशोब बघणारं माणूस सोन्यासारखं लागतं. आणि क्लबात आधी किमान तीन-चार बायका स्वतःच्या नावाने मेंबर आहेत का, त्यातल्या कोणी प्रेसिडेंट-सेक्रेटरी झाल्यात का, ते विचारून घ्या. नसतील तर जाऊ नका असं नाही, पण मनाची तयारी ठेवून जा.

पैशाचं स्पष्ट विचारा, लाजू नका. वर्षाची फी क्लबाप्रमाणे बदलते. त्यात रोटरी इंटरनॅशनलचा वाटा वर्षाला ८० डॉलरच्या आसपास, डिस्ट्रिक्टचा वाटा, आणि बाकी मीटिंगचा खर्च. त्याशिवाय वर्षभरात "याला पाचशे, त्याला हजार" असं निघत राहतं, तेच जास्त होतं, म्हणून वर्षभराचा एकूण अंदाज घ्या. रोटरी फाउंडेशनला, म्हणजे रोटरीच्या देणग्यांच्या संस्थेला, हजार डॉलर दिले की पॉल हॅरिस फेलो म्हणतात, ती ऐच्छिक गोष्ट आहे, कोणी आग्रह केला तरी पहिल्या वर्षी हो म्हणू नका. आणि क्लबात दोन वेगळी खाती आहेत का बघा, एक मेंबरांच्या जेवणखाणाचं आणि एक प्रोजेक्टचं. लोकांनी मोतीबिंदूसाठी दिलेला पैसा कोजागिरीच्या दुधात जाता कामा नये, आणि चांगल्या क्लबात तो जात नाही, दुधाचे पैसे मेंबर खिशातून काढतात. बँकवाल्या बाईला हे मी काय सांगू.

वेळेचं म्हणाल तर पूर्वी दर आठवड्याला मीटिंग आणि हजेरीची कडक शिस्त असायची, इकडे चुकली तर दुसऱ्या क्लबात जाऊन मेक-अप करायचा. २०१६ पासून महिन्यातून दोन मीटिंग घेतल्या तरी चालतं. मीटिंग साधारण दीड तासाची, घंटा वाजते, फोर वे टेस्ट (वागण्याबोलण्याच्या कसोटीचे रोटरीचे चार प्रश्न) म्हणतात, पाहुण्यांचं भाषण, आभार, राष्ट्रगीत. खरं बोलणं सगळं त्यानंतर जेवताना होतं, त्यामुळे राष्ट्रगीत झालं की पळू नका. आणि एकच काम धरा. पाच कमिट्यांत नाव देऊन कुठेच न जाणारे खूप असतात, एकच वही धरून बसणारं माणूस दोन महिन्यांत सगळ्यांना हवंसं होतं. नवीन गावात ओळखी व्हायचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही, घरमालकापासून चांगल्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं तिथे कळतं.

एक मात्र खटकेल. तुम्ही लोन देणाऱ्या बँकेच्या ऑफिसर, आणि क्लबातले निम्मे लोक व्यापारी. आमंत्रण कोणी का दिलंय हे तुम्हाला कळत असेलच. मैत्री वाढली की "मॅडम, आमची फाईल जरा" असं कोणीतरी म्हणणार. पहिल्यांदा म्हणेल तेव्हाच सांगून टाका की फाईल ब्रँचमध्ये, इथे फक्त कॅम्पचं. चांगले लोक याने दुखावत नाहीत, उलट मान वाढतो. जे दुखावतात त्यांच्याशी जेवणाच्या टेबलावर नमस्कारापुरतं ठेवा.

बदलीचं टेन्शन तर अजिबात नको. जॉईन व्हायच्या आधी दोन-तीन मीटिंगना गेस्ट म्हणून जा, एखाद्या कॅम्पला नुसतं मदतीला जा, आवडलं तर फॉर्म भरा. बदली झाली की जाताना ट्रेझररकडून बाकी काही नाही असं पत्र घ्या, नवीन गावातल्या क्लबाला ते लागतं, आणि तुमची मेंबरशिप तिकडे सुरू करता येते. फक्त जायच्या आधी तुमची वही कोणाच्या हातात देताय ते ठरवा, आणि त्या माणसाला तुमच्याबरोबर निदान एका कॅम्पच्या फोनला बसवा.